होरेनमध्ये ५३ पडले, म्हणून जर्मनी सोडायची का?

पत्र : "मॅडम, मी देवगड तालुक्यातली. जीएनएम हा नर्सिंगचा डिप्लोमा करून तीन वर्षं कणकवलीला एका खासगी हॉस्पिटलमध्ये स्टाफ नर्स आहे. जर्मनीला नर्स म्हणून जायचं ठरवून ऑनलाइन क्लास लावला आणि मे महिन्यात मुंबईला जाऊन गोएथे इन्स्टिट्यूटची बी१ ही जर्मनची परीक्षा दिली. लेझन (वाचन) ७३, श्रायबन (लेखन) ६८, श्प्रेखन (संभाषण) ७१ आणि होरेन (श्रवण) ५३. साठ लागतात. होरेनच्या तिसऱ्या भागात रेकॉर्डिंग परत लावतील म्हणून मी थांबले, त्यांनी लावलंच नाही. तिथून पुढे डोकंच चालेना. आता मला जर्मनीला पाठवणारे एजन्सीवाले म्हणतात गोएथे सोडा, टेल्कची परीक्षा द्या, ती सोपी आहे. क्लासचे सर म्हणतात बी१ सोडा, थेट बी२ला बसा. बाबा म्हणतात, 'पुरे झाला ता जर्मन, हयसरच रव.' फी आंब्याच्या पैशातून भरली होती, त्यामुळे मला काही बोलता येत नाही. मी काय करू? धाकटा भाऊ बारावीला आहे, त्याला आउसबिल्डुंगसाठी, म्हणजे तिकडच्या पगारी व्यवसाय-प्रशिक्षणासाठी पाठवायचंय. त्याला ए१पासून सगळ्या परीक्षा द्याव्या लागतील का?"

बाय, तुला तिघांनी तीन सल्ले दिले, पण तुझा निकालाचा कागद कुणी नीट वाचलेला दिसत नाही. तो आधी वाचू.

जर्मनच्या पातळ्या ए१, ए२, बी१, बी२ अशा चढत जातात. त्यातली गोएथेची बी१ ही चार सुट्या मॉड्यूलची परीक्षा आहे. वाचन, श्रवण, लेखन, संभाषण. प्रत्येकात १०० पैकी ६० लागतात आणि प्रत्येकाचं प्रमाणपत्र स्वतंत्र असतं. त्यातली तीन तुझ्या पदरात पडली आहेत आणि ती कुणी काढून घेणार नाही. राहिलं ते एकट्या होरेनचं. फॉर्म होरेनचाच भरायचा, फीही त्याचीच. मात्र हे वर्षभराच्या आत उरकून टाक. चार प्रमाणपत्रांच्या तारखा लांब लांब पडल्या की पुढे कुठल्या तरी टेबलावर कुणीतरी प्रश्न काढतं. प्रमाणपत्रावर मुदतीची तारीख छापलेली नसते हे खरं, पण मागणारे बरेचदा एक-दोन वर्षांच्या आतलं मागतात.

आता त्या ५३ कडे बघ. होरेनमध्ये एकूण ३० प्रश्न. ५३ म्हणजे १६ बरोबर. साठाला १८ लागतात. तुझं जे काही अडलंय ते दोन प्रश्नांवर अडलंय, आणि तिसऱ्या भागात एकट्यातच सात प्रश्न असतात. त्या भागात तू 'परत लावतील' म्हणून थांबलीस. तुझं जर्मन कमी पडलं असं मी तरी या आकड्यावरून म्हणणार नाही. परीक्षेची रचना तुला कुणी सांगितली नव्हती, आणि दहा-दहा महिने फी घेणाऱ्या क्लासने ती पहिल्या आठवड्यात सांगायला हवी होती.

ती अशी आहे. सगळं मिळून साधारण ४० मिनिटं. पहिल्या भागात पाच छोटे तुकडे: फोनवरचा निरोप, रेडिओवरची सूचना, स्टेशनवरची घोषणा असलं काहीतरी. प्रत्येक तुकड्यावर दोन प्रश्न आणि तो दोनदा ऐकवतात. दुसऱ्या भागात एकच माणूस बोलतो, बहुतेक वेळा पाहुण्यांना एखादी जागा दाखवणारा गाइड. हे एकदाच. तिसऱ्यात दोन माणसांच्या गप्पा, त्यावर सात विधानं, बरोबर की चूक ते सांगायचं. हेही एकदाच. चौथ्यात रेडिओवरची चर्चा, एक सूत्रसंचालक आणि दोन पाहुणे, आणि कोण काय म्हणालं ते ओळखायचं. हे परत दोनदा. म्हणजे दोनदा, एकदा, एकदा, दोनदा. हे तुला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं पाहिजे. प्रत्येक भागाआधी रेकॉर्डिंगमध्येच जर्मनमधून सांगतात की हा मजकूर तुम्ही एकदा ऐकाल की दोनदा. पण ताणाखाली ते वाक्य कानाआड जातं, ते तुझं एकटीचंच होत नाही.

लेझनला ७३ आणि होरेनला ५३, हा वीस गुणांचा फरक दुसरंही एक सांगतो. शब्द तुला येतात, ते कानाला ओळखू येत नाहीत. ऑनलाइन क्लासमध्ये सर निम्मं मराठीत समजावतात, जर्मन वाक्य हळू हळू, सुटं सुटं करून म्हणतात, आणि मोबाइलची रेंज गेली की तेही तुटतं. खरा जर्मन माणूस तसा बोलत नाही. शिवाय ही बी१ गोएथेने एकट्याने केलेली नाही. ऑस्ट्रियाची ओएसडी ही परीक्षा घेणारी संस्था आणि स्वित्झर्लंडमधलं फ्रिबुर्ग विद्यापीठ यांच्याबरोबर मिळून केली आहे, त्यामुळे रेकॉर्डिंगमध्ये अधूनमधून ऑस्ट्रियन आणि स्विस वळणाचे आवाजही येतात. मुंबईच्या बातम्यांची मराठी ऐकून वाढलेल्याला पहिल्यांदा मालवणी ऐकताना होतं तसं थोडं होतं.

मग करायचं काय? गोएथेच्या संकेतस्थळावर बी१चे सराव संच फुकट आहेत, आवाजासकट. ते संपवायची घाई करू नकोस. एक संच पूर्ण वेळ लावून सोडव. मध्ये थांबवायचं नाही, मागे न्यायचं नाही. गुण मांड. मग दुसऱ्या दिवशी त्याच संचातलं रेकॉर्डिंग आणि त्याचा छापील मजकूर समोर घेऊन बस, आणि जिथे चुकलीस तिथे नेमकं काय ऐकू आलं नाही ते शोध. शब्दच माहीत नव्हता? शब्द माहीत होता पण उच्चारात ओळखला नाही? की दोन्ही ऐकलं आणि फसलीस? हे तीन वेगळे आजार आहेत आणि त्यांची औषधं वेगळी. तू नर्स आहेस, निदानाआधी गोळी देत नाहीस.

तिसऱ्या प्रकाराचं एक उदाहरण देते, कारण परीक्षक इथेच जाळं लावतात. समज रेकॉर्डिंगमध्ये आलं : 'डेअर त्सूग नाख उल्म फेअर्ट हॉयटं निष्त फॉन ग्लाइस द्राय, झोंडर्न फॉन ग्लाइस आख्त आप.' उल्मची गाडी आज तीन नंबरवरून नाही, आठ नंबरवरून सुटेल. प्रश्नात पर्याय तीन, आठ आणि आणखी एक कुठला तरी. घाबरलेला मुलगा 'द्राय' ऐकतो, पर्यायात तीन दिसतो, खूण करून मोकळा होतो. पर्यायातला शब्द जसाच्या तसा कानावर पडला की तिथे संशय घ्यायचा. बरोबर उत्तर बरेचदा वेगळ्या शब्दांत लपलेलं असतं. रेकॉर्डिंगमध्ये 'पैसे लागत नाहीत' म्हणतील आणि पर्यायात 'मोफत' असेल.

कणकवली स्टेशनवर तू गाडीची वाट बघत असतेस तेव्हा भोंग्यातून येणारा प्रत्येक शब्द ऐकतेस का? नाही. आपली गाडी कुठली आणि कुठल्या फलाटावर, एवढ्याचीच वाट बघत असतेस, बाकीचं वाहून जाऊ देतेस. होरेनला तसंच बसायचं. प्रत्येक भागाआधी प्रश्न वाचायला थोडा वेळ देतात. त्या वेळात प्रश्नातल्या कळीच्या शब्दांखाली रेघ मार आणि ठरव की मला काय हवंय : वेळ, जागा, कारण, की कोणाचं मत. एखादा प्रश्न निसटला की सोडून द्यायचा. निसटलेल्याच्या मागे धावताना पुढचे दोन जातात, आणि तुझ्या बाबतीत तेच झालं. तिसऱ्या भागानंतर 'डोकंच चालेना' म्हणतेस ना, ते दोन प्रश्न तिथेच सांडले.

संख्यांचा वेगळा सराव कर. जर्मन माणूस चोवीसला 'फिअर उंड त्स्वान्त्सिश' म्हणतो, आधी चार, मग वीस. इंग्रजीतून विचार करणारी मुलं हमखास ४२ लिहितात. आपल्या चोवीसमध्येही चार आधीच येतात आणि वीस मागून, तेव्हा मधे इंग्रजी आणूच नकोस, थेट मराठीत ऐक. क्लासमधले 'ट्वेंटीफोर म्हणजे' असले पूल मला पहिल्यापासून आवडत नाहीत. वाक्याच्या शेवटाचंही असंच. जर्मनमध्ये नकार किंवा क्रियापदाचा सुटा तुकडा पार टोकाला येऊ शकतो, वरच्या वाक्यातला 'आप' बघ. मराठी माणसाला शेवटच्या 'नाही'पर्यंत थांबायची सवय असतेच. ती इथे वापर, वाक्य संपायच्या आत खूण करू नकोस.

रोजच्या ऐकण्यासाठी डॉइचे वेले या जर्मन प्रसारण संस्थेच्या संकेतस्थळावर हळू वाचलेल्या बातम्या असतात, मजकुरासकट आणि फुकट. रोज पाच मिनिटांचा तुकडा घे. आधी नुसता ऐक, मग मजकूर बघत ऐक, मग आवाजाच्या मागोमाग तूही म्हण. तोंडाला ज्या वाक्याची सवय झाली ते कानाला चटकन सापडतं. गोएथेची बी१ची शब्दयादीही मिळते, साधारण २४०० शब्दांची. ती पाठ करायला बसू नकोस, पण दर आठवड्याला एक पान घेऊन कुणाकडून तरी मोठ्याने वाचून घे. भावाला बसव, त्याचीही सुरुवात होईल. आणि सगळा सराव इअरफोन लावून करू नकोस. कागदी परीक्षेत आवाज खोलीतल्या स्पीकरमधून येतो, मागे कोणी खोकतं, कोणी बाक सरकवतं. पत्र्यावर पाऊस वाजत असताना मोबाइल टेबलावर ठेवून ऐकायचा सराव केलास तर परीक्षेची खोली तुला शांतच वाटेल. कागदी परीक्षेत शेवटी उत्तरं उत्तरपत्रिकेवर उतरवायला पाच मिनिटं मिळतात. त्यात उत्तरं बदलत बसायचं नाही, फक्त उतरवायची.

आता टेल्क. ती सोपी आहे हे मी अनेकांच्या तोंडून ऐकते आणि कुणी कारण देत नाही. टेल्कच्या बी१मध्ये लेखी आणि तोंडी असे दोन भाग, आणि दोन्हींत साठ टक्के लागतात. लेखीत वाचन, व्याकरण, श्रवण आणि पत्रलेखन एकत्र मोजलं जातं, म्हणजे कच्चा कान चांगल्या वाचनाने काही प्रमाणात झाकता येतो. 'सोपी' म्हणणाऱ्यांच्या मनात बहुधा हेच असतं. पण तुझ्या हिशोबात हा सौदा तोट्याचा आहे. गोएथेची तीन मॉड्यूल्स बाजूला टाकून तू पुन्हा सगळी परीक्षा देणार, सगळी फी भरणार, आणि कान तेवढाच कच्चा ठेवून जर्मनीतल्या वॉर्डात उभी राहणार. तिथे रात्री दोन वाजता म्हातारा पेशंट काय पुटपुटतो ते वाचून कळत नाही.

टेल्कचा उपयोग तुला पुढे होऊ शकतो. तिची नर्सिंगसाठीची वेगळी परीक्षा आहे, 'टेल्क डॉइच बी१-बी२ फ्लेगे'. त्यात ड्युटी सोपवणं, पेशंटच्या नोंदी, नातेवाइकांशी बोलणं असला आपल्या कामाचाच मजकूर असतो. तू बी२च्या उंबरठ्यावर येशील तेव्हा हिचा विचार कर. पण त्याआधी एजन्सीला एक प्रश्न लेखी विचार, मेलवर, तोंडी नाही : मला कुठल्या राज्यात पाठवणार आहात, आणि तिथल्या मान्यता देणाऱ्या कार्यालयाला नेमकं कुठलं प्रमाणपत्र, कुठल्या पातळीचं चालतं? जर्मनीत १६ राज्यं आहेत आणि नर्सची मान्यता, तिकडे तिला आनेरकेनुंग म्हणतात, ही प्रत्येक राज्याची स्वतंत्र बाब आहे. एजन्सीला याचं उत्तर मेलवर देता येत नसेल तर 'सोपी आहे' या त्यांच्या मताला किती किंमत द्यायची ते तूच ठरव.

सरांच्या सल्ल्यात तथ्य आहे. वरची परीक्षा द्यायला खालचं प्रमाणपत्र लागत नाही, आणि बी२ हातात असेल तर बी१ कुणी मागत नाही. पूर्ण नर्स म्हणून नोंद व्हायला बहुतेक राज्यांत शेवटी बी२च लागतं, हेही खरं. मग मी 'बी१ पूर्ण कर' का म्हणते? गोएथेच्याच अंदाजाप्रमाणे बी१पर्यंत ४५ मिनिटांचे ३५० ते ६५० तास लागतात आणि बी२पर्यंत ६०० ते ८००. तुझ्या ड्युट्या धरता रोज एक तास काढलास तरी बी२ला सहा-आठ महिने जातील. तेवढ्या काळात हातात काहीच कागद नसणं तुला परवडणार नाही, घरी तर नाहीच. शिवाय बी२चं होरेन वेगवान आहे, त्यात व्याख्यानासारखा सलग मजकूर येतो. जो कान आज १६वर अडकलाय तो तिथे जास्त अडकेल. होरेनसाठी घेतलेली मेहनत बी२च्या खात्यातच जमा होते, ती वाया जात नाही. तेव्हा दोन्ही एकत्र चालव. सकाळी बी२चं पुस्तक सुरू कर, संध्याकाळी बी१चं होरेन. सरांना तेवढं सांग की बी२चा तास पूर्ण जर्मनमधून घ्या. नाही म्हणाले तर क्लास बदल.

बी२च्या लेखनाची एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवते. श्रायबनमध्ये तुला ६८ आहेत, म्हणजे पत्र लिहिता येतं. बी१ला ८० शब्दांचा मेल होता, बी२ला दीडशे शब्दांत मत मांडावं लागतं आणि शंभर शब्दांचा औपचारिक निरोप. प्रश्नात जे मुद्दे दिलेले असतात त्यातला एक जरी गाळलास तर सुंदर जर्मन लिहूनही गुण कापले जातात. मी पेपर तपासायला बसते तेव्हा आधी मुद्दे मोजते, मग व्याकरण बघते. आणि वरिष्ठांना लिहिताना 'झी', मैत्रिणीला लिहिताना 'डू'. एकाच पत्रात दोन्ही आले की घरात मामांना मधेच 'अरे' म्हटल्यासारखं दिसतं.

एजन्सीबद्दल तू फार लिहिलं नाहीस, पण मला काळजी वाटते ती तिथेच. चांगल्या जर्मन हॉस्पिटलांत नर्स नेताना खर्च नेणारा करतो, नर्सकडून भरतीचे पैसे घेत नाहीत. जर्मन सरकारने अशा भरतीसाठी 'फेअर रिक्रूटमेंट हेल्थकेअर जर्मनी' नावाची मोहोर सुरू केली आहे. तुझ्या एजन्सीकडे किंवा तिच्या जर्मन भागीदाराकडे ती आहे का ते विचार. भाषेच्या क्लासची फी आपण भरणं समजू शकते. 'नोकरीची अनामत' म्हणून लाखांत रक्कम मागतात तेव्हा उठून यायचं. मूळ प्रमाणपत्रं आणि पासपोर्ट कुणाच्या कपाटात ठेवायला देऊ नकोस, स्कॅन पुरे. आणि 'बी२चा कागद करून देतो' असं कुणी म्हणालं तर तिथल्या तिथे फोन ठेव. प्रमाणपत्रं जिथून दिली तिथे पडताळता येतात, खोटं सापडलं की व्हिसा जातो आणि नाव कायमचं खराब होतं. २०२४ साली महाराष्ट्र सरकारने बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, तेव्हापासून आपल्याकडे 'जर्मनीला पाठवतो' म्हणणाऱ्यांच्या पाट्या वाढल्या आहेत. त्यातल्या सगळ्यांचा त्या कराराशी संबंध असतोच असं नाही.

कागदपत्रांचं काम भाषेसाठी अडवून ठेवू नकोस. जीएनएमची गुणपत्रकं, कौन्सिलची नोंदणी, अनुभवाचे दाखले यांची जर्मन भाषांतरं मान्यताप्राप्त भाषांतरकाराकडून करून घ्यायची असतात. ती तिथल्या कार्यालयाने तपासली की बहुधा 'डेफिझिट बेशाइड' येतं, म्हणजे तुझ्या शिक्षणात त्यांच्या मानाने काय कमी आहे त्याचं पत्र. नाव वाचून घाबरू नकोस. ते आलं की पुढची वाट उघडते : एकतर तिकडच्या हॉस्पिटलात काही महिन्यांचं पूरक प्रशिक्षण, नाहीतर ज्ञानाची परीक्षा. तोवर मदतनीस म्हणून काम आणि पगार सुरू असतो. याला महिने लागतात, म्हणून होरेनच्या तयारीबरोबरच हे सुरू कर.

बाबांशी बोलताना भाषेच्या गप्पा मारू नकोस. निकालाचा कागद आणि पेन घेऊन बस. तीन विषय सुटले, चौथ्यात दोन प्रश्न कमी, पुन्हा फक्त त्या एकाचीच फी, आणि ती मी माझ्या पगारातून भरतेय. हे शेवटचं महत्त्वाचं. बाबांचा राग जर्मनवर नसावा. पैसे कुठे गेले ते कळत नाही याचा तो राग असेल. एजन्सीला आजवर किती दिले, कशाचे, पावती आहे का, हे सगळं एका पानावर लिहून त्यांना दाखव. हे पान करताना काही गोष्टी तुझ्याही ध्यानात येतील.

तारीख ठरवताना कोकण डोक्यात ठेव. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं, गाड्या हळू धावतात, दरड आली तर विचारूच नको. गणपतीच्या आगेमागे तिकीट मिळणं म्हणजे नवसच. म्हणून चवथ आटोपल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरची तारीख बघ, पण फॉर्मची खिडकी उघडेल त्या दिवशीच भर, मुंबई-पुण्याच्या जागा पटकन भरतात. फॉर्मवर नाव पासपोर्टवर आहे अगदी तसंच लिही, आडनाव-वडिलांचं नाव यांची अदलाबदल नको. आणि कोकणकन्येतून सकाळी सीएसएमटीला उतरून थेट काळ्या घोड्याच्या मॅक्समुल्लर भवनात, म्हणजे गोएथेच्या परीक्षा केंद्रात जायचं, हे या वेळी करू नकोस. रात्रभर बसून आलेला कान होरेनला चालत नाही. आदल्या दिवशी जा. मुंबईत एखादे चाकरमानी नातेवाईक असतीलच, त्यांच्याकडे रात्री जेवून झोप.

भावाचं थोडक्यात. ए१, ए२च्या परीक्षा दिल्याच पाहिजेत असं नाही. अभ्यास पायरीपायरीने करायचा, परीक्षा मात्र थेट बी१ची देता येते. आउसबिल्डुंगला साधारण बी१ मागतात, काही ठिकाणी बी२. ए२च्या सुमारास एकदा घरीच सराव संच वेळ लावून सोडवू दे, अंदाज येतो आणि फी वाचते. त्याला आउसबिल्डुंगऐवजी जर्मन विद्यापीठात शिकायचं असेल तर रस्ताच वेगळा आहे. तिथे जर्मनमधून शिकायचं तर बहुधा टेस्टडाफ किंवा विद्यापीठांची डीएसएच यासारखी भाषेची वरची परीक्षा लागते आणि भारतातल्या विद्यार्थ्याला एपीएसचं, म्हणजे शिक्षणाचे कागद तपासल्याचं प्रमाणपत्रही काढावं लागतं. दोन्ही रस्त्यांची तयारी एकदम करू नका. बारावीचा निकाल लागेपर्यंत त्याने संध्याकाळी तुझी शब्दयादी वाचून दाखवावी, एवढं पुरे.

एजन्सीचं मेलवरचं उत्तर आलं की त्यांचं नाव झाकून मला पाठव. कुठलं राज्य आहे ते कळलं तर बी२साठी गोएथे की टेल्क फ्लेगे ते सांगता येईल.